पन्नाशीनंतर ब्लाउजचं माप कसं द्यावं

१९९४ पासून मी कोल्हापुरात घरीच ब्लाउज शिवते. पन्नाशीच्या पुढची कुणी आली की आधी पिशवीतून एक जुना ब्लाउज काढते. "यावरून घे गं, हा मला अगदी नीट बसायचा." मी तो हातात घेऊन उलटा करते आणि काखेतली शिवण बघते. तिथं एकाला लागून एक दोन-तीन टिपा उसवल्याच्या खुणा असतात, शेवटची टीप अगदी कापडाच्या काठावर आलेली असते. म्हणजे बाईने जमेल तेवढं सैल करून बघितलेलं असतं. मग मी तो ब्लाउज घडी करून परत देते आणि टेप काढते. टेप काढली की बऱ्याच जणींचा चेहरा उतरतो. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

पहिली गोष्ट ही, की नमुन्याचा ब्लाउज आणूच नका. शरीर नुसतं जाड किंवा बारीक होत नाही, त्याची ठेवण बदलते. पाळी गेल्यावर अंगावरची चरबी नितंबांवरून पोटाकडे सरकते. स्तनांमधल्या दूधग्रंथी आकसतात, त्यांची जागा चरबी घेते, त्यांना धरून ठेवणारे तंतू सैल पडतात. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात, उंची थोडी कमी होते, पाठीला हलका बाक येतो. यातलं काहीही तुमच्या हलगर्जीपणामुळे झालेलं नाही. जुन्या ब्लाउजची छाती दोन इंच वाढवून मिळाली, तरी तो बसणार नाही, कारण त्याचे टक, म्हणजे छातीला आकार यावा म्हणून कापड दुमडून घातलेल्या टिपा, चुकीच्या जागी असतील.

टकचं जरा नीट सांगते, कारण सगळा त्रास तिथेच असतो. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर तिशीत साडेनऊ इंच असेल, तर साठीत ते साडेदहा, कधी अकरा इंचही भरतं. टक जुन्याच जागी घेतले की वर कापडाचा पोकळ फुगा राहतो आणि खाली कापड ताणतं. बाई आरशात बघते आणि म्हणते, "माझंच अंग बेढब झालंय." अंगाचा काही दोष नसतो. टक इंचभर खाली घेतले की तोच ब्लाउज सरळ बसतो. शिंप्याला स्पष्ट सांगा, "टक पॉइंट नव्याने मोजा." नुसती छाती-कंबर-उंची लिहून घेणाऱ्याकडे जाऊ नका.

माप देताना रोज वापरता तीच ब्रा घालून या. पट्टे सैल झालेली जुनी ब्रा घालून माप दिलं आणि समारंभाला नवी घातली, तर अर्ध्या इंचाचा फरक सहज पडतो. ताठ उभ्या राहू नका. पोट आत ओढू नका. मी मुद्दाम गप्पा काढते, नातवंडांचं विचारते, आणि बाई हसत असताना टेप वाचते. तिचं खरं माप ते असतं. खाली बसून, हात पुढे करूनही एकदा मोजायला सांगा, कारण हळदीकुंकवाला तुम्ही दोन तास बसणार आहात, उभ्या राहणार नाही.

पाठीला बाक असेल तर मागचा भाग पुढच्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच लांब कापावा लागतो, नाहीतर ब्लाउज मागून वर चढतो आणि पदराखाली कंबर उघडी पडते. गळा मागे खोल हवा असेल तर जरूर घ्या, फक्त रुंदी कमी ठेवा. वयानं खांदे उतरतात आणि रुंद गळा घसरतो. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असणं तर जवळजवळ प्रत्येकीचं असतं. आयुष्यभर एकाच खांद्यावर पर्स, एकाच कडेवर मूल. दोन्ही खांदे वेगळे मोजायला लावा.

बाह्यांबद्दल मी फार भांडते. "दंड झाकायचेत, कोपरापर्यंत कर" असं म्हणणाऱ्या काकूंना मी विचारते, तुम्हाला लांब बाही आवडते का? आवडत असेल तर आनंदाने शिवते. आवडत नसेल तर मे महिन्यात अस्तराच्या लांब बाहीत घामाघूम होण्यात काय अर्थ आहे? आखूड बाही घाला. एवढंच बघा, की बाहीची कड दंडाच्या सगळ्यात जाड भागावर संपू नये, त्याच्या इंचभर खाली किंवा वर संपावी. आणि दंडघेरात एक इंच सैल हवाच. कड रुतली की दंड आहे त्याहून जाड दिसतो.

हुक पुढे घ्या. चाळिशी ते साठीच्या दरम्यान खांदा आखडण्याचा त्रास खूप जणींना होतो, मधुमेह असेल तर जास्तच. पाठीमागे हात जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई कित्येक महिने सुनेला हाक मारून मागचे हुक लावून घेत होत्या आणि त्या संकोचानं त्यांनी साडीच सोडली होती. त्यांचे चार ब्लाउज मी पुढून हुकांचे करून दिले. दुसऱ्या दिवशी इरकल नेसून दाखवायला आल्या.

आता माया, म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. प्रत्येक कडेला आत एक इंच माया सोडायला सांगा. बाजूच्या दोन शिवणी म्हणजे चार कडा. प्रत्येकीतून पाऊण इंच सोडला तर घेर तीन इंचांनी वाढतो. सुती अस्तर आधी भिजवून वाळवलेलं हवं, नाहीतर पहिल्या धुण्यातच ते आटतं आणि तुम्हाला वाटतं की आपणच वाढलो.

माझं स्वतःचंही सांगते. माझ्या वहीत माझ्या नावापुढे सहा वर्षं छाती ३८ असं लिहिलेलं होतं. दुसऱ्यांचे ब्लाउज मी मापानं शिवत होते आणि स्वतःचा त्या आकड्यावर. संध्याकाळी मशीनवरून उठले की काखेत लाल वळ उठलेले असायचे. शेवटी एकदा लेकीने टेप ओढून घेतली, मला उभं केलं आणि मापं मोठ्यानं वाचली. छाती ४१. कंबर ३६. मी रडले, खरंच रडले. आई गेल्यावर तिचे ब्लाउज आवरताना मला तिचंही माप ४१ च दिसलं होतं, ते त्या क्षणी आठवलं. लेकीने जुना आकडा खोडला नाही. त्याच्याखाली तारीख घालून नवा लिहिला. तेव्हापासून मी सगळ्यांचं तसंच लिहिते. माझ्या वहीत काही जणींची लग्नाआधीपासूनची मापं एकाखाली एक आहेत. बाळंतपणं दिसतात, टायफॉइड दिसतो, नवरा गेल्यानंतरचं वर्ष दिसतं. जिला बघायचं तिला मी ते पान दाखवते.

टेप काही गोष्टी आधी सांगते, त्या कानाआड करू नका. कंबर ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या पुढे असेल तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. उंची दीड इंचाहून जास्त कमी झाली असेल तर हाडांबद्दल डॉक्टरांना विचारा. दोन्ही स्तनांत थोडाफार फरक असतोच, पण एकाच बाजूचं माप अलीकडे बदललं असेल, कातडी खळीसारखी आत ओढली गेली असेल, गाठ लागत असेल, तर ब्लाउज राहू द्या, आधी दवाखाना. हे मी माप घेताना दोघींना सांगितलं आहे. सांगताना जीभ अडखळते, तरी सांगते.

जुने ब्लाउज टाकून देऊ नका. मागच्या वर्षी एकीने लग्नातला, १९८९ चा जांभळा खणाचा ब्लाउज आणला. लेकीच्या लग्नात तोच घालायचा होता. "बसेन का गं मी यात?" मी म्हटलं, तुम्ही कशाला बसायचं त्यात, तो तुम्हाला बसवू. बाजूची शिवण उसवली, तर आतली माया पहिल्या दिवसाइतकी गडद जांभळी निघाली. बाहेरचं कापड फिकट झालेलं, आतलं तसंच. ती पट्टी दोन्ही बाजूंना उभी दिसायला लागली. तिला म्हटलं, रंग देऊन एकसारखं करू का? तिने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, राहू दे. काखेत कळ्या, म्हणजे जादा कापडाचे तुकडे, घातल्या, पुढचे टक उतरवले. लग्नात पदर घ्यायला ती विसरलीच, दोन्ही पट्ट्या दिसत होत्या.

माप दर दोन वर्षांनी नव्याने द्या. गौरी-गणपतीच्या आणि दिवाळीच्या तोंडावर नको, तेव्हा कोणताही शिंपी घाईत जुनंच माप उचलतो. आषाढात जा. लग्नसराई संपलेली असते, हाताला उसंत असते, आणि खांदे दोन्ही वेगळे मोजले जातात.