उघडी राहिलेली लिंक

पुण्यातील आमच्या वकिली कार्यालयाच्या क्लाउडवरील फाइली तपासताना, घटस्फोटाच्या एका दाव्यातील प्रतिज्ञापत्राचा मसुदा ‘लिंक असलेल्या कोणालाही’ दिसेल अशा स्थितीत आठ महिने पडून असल्याचे मला आढळले आणि मी हादरलो. काम सोडून गेलेल्या ज्युनिअरचे खातेही चालूच होते. ते तत्काळ बंद केले, सर्व उपकरणांवरून लॉगआउट केले. मग एकेक लिंक तपासून नावानिशीच परवानगी ठेवली, सामाईक पासवर्ड मोडीत काढला आणि लॉगिनच्या वेळी एकदाच वापरायचा कोड देणारे ऑथेंटिकेटर अ‍ॅप सक्तीचे केले. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार अशिलाची गुपिते जपणे वकिलावर बंधनकारक आहे, आणि एन्क्रिप्शन, म्हणजे माहितीचे सांकेतिक कुलूप, कितीही भक्कम असले तरी आपणच वाटलेली लिंक ते अडवत नाही. आता अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे कोणी कोणती फाइल कधी उघडली याची नोंद, दर सोमवारी मी स्वतः वाचतो.