मिनिएचर घोडी लवकर व्याली? या चुका टाळा

"अकरा महिने भरू देत, मग बघू." मोठ्या घोड्यांच्या तबेल्यात हे चालून जातं. मोठी घोडी सरासरी ३४० दिवस घेते आणि वर्षभर रेंगाळली तरी कुणी फारसं घाबरत नाही. मिनिएचर, म्हणजे बुटक्या जातीची घोडी (थोडक्यात मिनी) मात्र बरेचदा ३२० ते ३३० दिवसांच्या आसपासच मोकळी होते, आणि त्याच्याही थोडं आधी आलेलं धडधाकट शिंगरू मिनी पाळणाऱ्यांना नवं नाही. मोठ्या घोड्यांच्या हिशेबात ३२० दिवसांच्या आतलं शिंगरू अपुऱ्या दिवसांचं. तीच पट्टी मिनीला लावली की मालक एक तर उगाच घाबरतो, नाही तर घोडी विते त्या रात्री तो गाढ झोपलेला असतो. दुसरं जास्त वाईट.

अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन ही नोंदणी संस्था १९७८ सालची. तिच्या नियमाने आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी मोजलेली उंची ३४ इंचांवर जाता कामा नये. एवढ्याशा घोडीचं शिंगरू जन्मतः साधारण ७ ते ११ किलोंचं असतं. त्याच्याकडे ना चरबीचा साठा, ना वेळ. आणि आपल्या बहुतेकांचं जनावराच्या विण्याबद्दलचं शहाणपण गाई-म्हशींच्या गोठ्यातून आलेलं असतं. घोडीच्या बाबतीत त्यातलं निम्मं चुकीचं ठरतं. खाली जे मिनीबद्दल लिहिलंय, त्यातलं बरंचसं आपल्याकडच्या तट्टवाण्यांनाही लागू आहे.

तारीख बघणं, कास न बघणं

फळवल्याची तारीख लिहून ठेवाच, पण ती फक्त पहारा कधी सुरू करायचा हे कळण्यापुरती. मिनीसाठी तो ३०० व्या दिवसाच्या आधीच सुरू करावा. त्यानंतर रोज संध्याकाळी त्याच वेळी कास, शेपटीच्या मुळाजवळचा भाग आणि मायांग बघायचं. साधारण दोन ते चार आठवडे आधी कास भरायला लागते, शेपटीचं मूळ लिबलिबीत होतं, मायांग सैल आणि लांबट दिसतं. सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब धरले की बहुतेकदा एक-दोन दिवसांचा प्रश्न असतो. काही घोड्या मात्र मेण न धरताच वितात, तेव्हा मेणाची वाट बघत बसू नका.

खरा उपयोग होतो तो दुधाच्या चाचणीचा. विण्याच्या आधी दुधातलं कॅल्शियम चढतं आणि पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा) उतरतो. सात किंवा त्याहून वर असलेला पीएच ६.४ च्या आसपास आला की रात्री तबेला सोडू नये. त्यासाठी पट्ट्या मिळतात. तपासणीला दोन-चार थेंब पुरतात, रोज वाटीभर काढलात तर शिंगराच्या वाट्याचा चीकच संपवाल. घोड्या बहुतेक करून रात्रीच वितात, आणि माणूस समोर असेल तर पहिल्या कळा लांबवूही शकतात. म्हणून कॅमेरा लावा आणि दुरून बघा.

लवकर भरलेली कास शुभ समजणं

गाभणपणाचा आठवा-नववा महिना चालू आहे, कास तट्ट भरलीय, दूध गळतंय. "घोडी दुधाळ निघणार" म्हणून खूश होणारे मालक असतात. त्यांनी त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करायला हवा. अवेळी भरलेल्या कासेमागे वारेचा संसर्ग किंवा पोटात जुळं असण्याची शक्यता असते. संसर्ग बहुधा मायांगाकडून गर्भाशयाच्या तोंडातून वर चढतो, मायांगातून स्राव दिसेलच असं नाही. सोनोग्राफीत वारेची जाडी मोजता येते, आणि वेळेवर औषधं सुरू झाली तर बरीच शिंगरं दिवस भरेपर्यंत आत राहतात.

इथे एक गोष्ट उलटी वाटते. संसर्गाने बरेच दिवस ताणाखाली राहिलेलं शिंगरू लवकर जन्मलं तरी कधीकधी अपेक्षेपेक्षा तयार निघतं, कारण त्या ताणाने त्याच्या शरीराची पक्वता घाईने पुरी केलेली असते. याउलट निरोगी घोडीला "दिवस भरलेत" म्हणून ऑक्सिटोसिन (कळा आणणारं इंजेक्शन) टोचून काढलेलं शिंगरू कच्चं असू शकतं. घोड्यांमध्ये शिंगराची शेवटची तयारी अगदी अखेरच्या चार-पाच दिवसांत होते, आणि तो दिवस शिंगरू ठरवतं. गोठ्यात पान्हा सोडवायला ऑक्सिटोसिन वापरण्याची (तीही चुकीचीच) सवय ज्यांना आहे त्यांनी ती बाटली तबेल्यात आणू नये.

गळून गेलेलं ते दूध म्हणजे चीक असतो, हेही विसरू नका. घोडी काही दिवस गळत असेल तर शिंगरू जन्मण्याआधीच दुसऱ्या घोडीचा गोठवलेला चीक कुठे मिळेल ते बघून ठेवा.

पाणमोट फुटल्यावर वाट बघणं

गाय तासन्‌तास कळा देऊ शकते. घोडी नाही. पाणमोट फुटल्यापासून २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. पंधरा-वीस मिनिटांत काहीच पुढे सरकत नसेल तर डॉक्टरांना बोलवायची वेळ झाली. मिनींमध्ये विणं अडण्याचं प्रमाण जास्त असतं, कारण शिंगराचं डोकं आईच्या कटीच्या मानाने मोठं आणि कपाळ घुमटासारखं असतं. दोन पुढचे पाय, एक किंचित पुढे, तळवे खाली, आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक: असं दिसलं तर हात लावू नका.

आधी पांढरट-निळसर पिशवी दिसायला हवी. तिच्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी आली तर वार आधीच सुटलीय आणि शिंगराचा प्राणवायू तुटतोय. इथे डॉक्टरांची वाट बघायची नसते. ती पिशवी तिथल्या तिथे बोथट टोकाच्या कात्रीने फाडायची आणि कळेबरोबर शिंगरू बाहेर ओढायचं.

पहिल्या दिवसातल्या चुका

नाळ कापू नका, घोडी उठली की ती आपोआप तुटते. टोकाला कडक टिंक्चर आयोडीन ओतणंही बंद करा, त्याने कातडी भाजते. अर्धा टक्का क्लोरहेक्सिडीनमध्ये (जंतुनाशक औषध) दिवसातून तीन-चार वेळा नाळ बुडवली की पुरे.

"वार पडल्याशिवाय चीक पाजू नये" हा आपल्या गोठ्यातला जुना गैरसमज गाईच्या वासरालाही घातक आहे, शिंगराला तर जीवघेणा. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडं शिंगराला मिळत नाहीत, सगळं चिकातूनच येतं. आतडं ती पहिल्या सहा-आठ तासांत सर्वांत चांगली शोषतं, आणि २४ तासांनंतर दार बंद. तासाभरात उभं राहणं, दोन तासांत सडाला लागणं, तीन तासांत वार पडणं, एवढं घड्याळ भिंतीवर लिहून ठेवा. नऊ किलोच्या शिंगराला पहिल्या काही तासांत थोडा थोडा करून पाव लिटरभर किंवा जरा जास्त चीक जायला हवा. १८ ते २४ तासांनी रक्तातलं आयजीजी (चिकातून आलेली प्रतिपिंडं) तपासून घ्या. ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर निश्चिंत, ४०० च्या खाली असेल तर प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) चढवावा लागतो.

शिंगरू थंडगार पडलंय, चोखत नाही, आणि मालक बाटली तोंडात कोंबतोय. यात दोन चुका एकदम होतात. थंड शिंगराचं पोट दूध पचवत नाही, आणि न चोखणाऱ्या शिंगराचं दूध फुप्फुसात जातं. आधी पुसून कोरडं करा, पांघरुणात घ्या, ताप मोजा (३७.२ ते ३८.९ अंश सेल्सिअस ठीक), मग चोखण्याचा जोर बघा. जोर नसेल तर दूध नळीने, आणि नळी डॉक्टरांनी घालायची. बाटली द्यायचीच झाली तर उभ्या शिंगराला, मान वर न ओढता.

आई नाही किंवा तिला दूध नाही, तर म्हशीचं दूध हा उपाय नाही. घोडीचं दूध पातळ, कमी चरबीचं आणि जास्त गोड असतं. म्हशीचं त्याच्या उलट. घोड्यांसाठीची दूधभुकटी नसेल तर शेळीचं दूध त्यातल्या त्यात सोसतं. दिवसाला वजनाच्या २० ते २५ टक्के दूध लागतं, आणि सुरुवातीला दर एक-दोन तासांनी, रात्रीसुद्धा.

लवकर आलेलं शिंगरू ओळखायचं कसं? लोंबते कान, रेशमी आखूड केस, फुगीर कपाळ, ढिले सांधे. अशा शिंगराच्या गुडघ्यातली आणि मागच्या पायांच्या सांध्यांतली छोटी हाडं अजून कूर्चेचीच असतात. ते उड्या मारतंय म्हणून कौतुकाने मोकळं सोडलं की ती हाडं चेपतात आणि पाय कायमचे वाकडे होतात. एक्स-रे निघेपर्यंत त्याला लहान खणात ठेवा.

पहिली काळी, डांबरासारखी विष्ठा १२ तासांत पडायला हवी. शेपटी उचलून कुंथत असेल तर एनिमा द्यावा लागतो. फॉस्फेटचा एनिमा पुन्हा पुन्हा दिला तर विषबाधा होते.

घोडीला विसरणं

गाईची वार १२ तास राहिली तरी आपण थांबतो. घोडीची तीन तासांवर गेली की डॉक्टर हवा, नाही तर गर्भाशय सडतं, विष खुरांपर्यंत उतरतं आणि घोडी लंगडी होते. वार ओढू नका, लोंबणारा भाग गुडघ्याच्या वर गाठ मारून ठेवा. पडलेली वार बादलीत जपून ठेवा, तिच्या दोन्ही शिंगांसारख्या फाट्यांची टोकं पूर्ण आहेत का ते बघायचं असतं.

मिनीचा खास धोका वेगळाच. ती दिसायला गोलमटोल, म्हणून मालक शेवटच्या महिन्यांत वजन उतरवायला चारा कमी करतो. किंवा विल्यानंतर ती एक-दोन दिवस खात नाही आणि सगळे शिंगराभोवती असतात. मिनी, पोनी आणि गाढवांमध्ये अशा उपाशीपणात अंगातली चरबी रक्तात धावते, रक्तातलं पाणी दुधासारखं दिसायला लागतं आणि यकृत बसतं. घोडीने एक वेळ चारा नाकारला तरी त्याच दिवशी ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासा. शिंगराचं मात्र दिवसावर सोडता येत नाही: कास टणक भरलीय, दूध गळतंय आणि शिंगराच्या कपाळावर दूध वाळलंय, म्हणजे ते सडाखाली उभं राहतंय पण पीत नाही. तेव्हा फोन त्याच तासाला.