फ्रान्सच्या गादीची वारसनोंद कशी लावावी

तलाठी म्हणून उभी नोकरी वारसनोंदी घालण्यात गेली. परवा पुतण्या म्हणाला, "काका, फ्रान्सच्या गादीवर तिघं हक्क सांगतात. खरा कोण?" म्हटलं, बस. कॅलेंडरचं जुनं पान घे, कोरी बाजू वर कर.

सगळ्यात वर तेरावा लुई. खाली दोन मुलगे: थोरला चौदावा लुई, धाकटा फिलिप, ऑर्लेआंचा ड्यूक. लेकींची नावं घालू नका. तिथं मुलीला गादी नाही, मुलीच्या मुलालाही नाही. आणि दत्तक चालत नाही. कोल्हापूरकर अडकतो तो इथंच. आपले शाहू महाराज १८८४ साली कागलच्या घाटग्यांकडून दत्तक आले, त्यामुळं आपल्याला वाटतं, मूल नाही तर दत्तक घ्या की!

चौदाव्या लुईखाली दोन नातू पुरेत. थोरल्याची पात १८८३ साली शांबोरच्या काउंटबरोबर बुडाली, तो निपुत्रिक गेला. (दहा वर्षं आधी गादी जवळजवळ हातात होती. गडी अडून बसला, क्रांतीचा तिरंगा नको, राजघराण्याचा पांढराच झेंडा पाहिजे. असले खातेदार मी पाहिलेत.)

दुसरा नातू फिलिप १७०० साली स्पेनचा राजा झाला. त्याची पात आजही आहे: लुई आल्फोन्स, जन्म १९७४. रक्तानं तोच पुढं. पण उत्रेख्तच्या तहात, १७१३ साली, फिलिपनं फ्रान्सवरचा हक्क सोडलेला. इथं पेन्सिल थांबवा. हक्कसोडपत्र ग्राह्य धरलं तर नोंद धाकट्या पातीकडं, ऑर्लेआं घराण्यातल्या ज्यां नावाच्या वारसाकडं, जन्म १९६५. आल्फोन्सवाले म्हणतात, गादी राजाची खासगी मिळकत नव्हेच, मग तो ती सोडणार कशी? मला हे पटतं. देवस्थान इनामाची जमीन पुजारी कसतो, पण लिहून देऊ शकत नाही, तसं. ऑर्लेआंवाले म्हणतात, परदेशी झाला तो गेला. त्यावर समोरचे १७९३ काढतात: सोळाव्या लुईला मृत्युदंड देताना ऑर्लेआंच्या ड्यूकनंही बाजूनं मत दिलं होतं. भाऊबंदकी, दुसरं काय.

तिसरे हक्कदार बोनापार्ट, म्हणजे नेपोलियनचं घराणं. त्यांना या कागदावर घेऊ नका. त्यांचा हक्क रक्ताचा नाही, १८०४ च्या राज्यघटनेचा आणि जनमताचा. गंमत म्हणजे त्या घटनेत नेपोलियनला भावांची मुलं-नातवंडं दत्तक घ्यायची मुभा होती! त्यांचं दुसरं पान करा.

भोगवटादाराच्या रकान्यात मात्र दोन्ही पानांवर एकच लिहा: प्रजासत्ताक, १८७० पासून.