मानवी हक्क करार: सहीनंतरची कामं

सही फक्त इरादा सांगते. देशावर करार बंधनकारक होतो तो अनुसमर्थनाने, म्हणजे सहीनंतर दिलेल्या औपचारिक मान्यतेने. त्यामुळे कायद्यांची झाडाझडती त्याआधीच उरकावी: करारातलं एकेक कलम घ्या आणि त्यासमोर देशातला कायदा, नियम आणि प्रत्यक्ष चालणारी पद्धत लिहा.

काही देशांत करार थेट न्यायालयात चालतो, काही ठिकाणी संसदेने कायदा केल्यावरच. गुन्हा मात्र कुठेही कायद्यात लिहावाच लागतो. १९८४ च्या छळविरोधी करारात व्याख्या कलम १ मध्ये आहे आणि गुन्हा ठरवण्याचं बंधन कलम ४ मध्ये. "मारहाणीचं कलम आहेच की," असं सांगून अनेक सरकारं इथेच अडकतात. त्या कलमात मानसिक यातना बसत नाहीत, वरिष्ठाची मूकसंमती बसत नाही, आणि शिक्षाही सहसा तुटपुंजी असते.

समन्वयासाठी कायमस्वरूपी कक्ष हवा आणि प्रत्येक खात्यातला एक अधिकारी नावानिशी जबाबदार हवा. अहवालापुरती नेमलेली समिती अहवाल गेला की विरते, आणि पुढच्या वेळी आकडे पुन्हा शून्यापासून गोळा करावे लागतात. छळविरोधी कराराचा पहिला अहवाल, करार देशाला लागू झाल्यापासून वर्षभरात, संयुक्त राष्ट्रांच्या समितीला द्यायचा असतो, पुढचे दर चार वर्षांनी. बालहक्क करारासाठी हीच मुदत दोन आणि पाच वर्षं आहे.

खरा कस लागतो तो अहवाल तपासून संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या शिफारशी आल्यावर. समजा, अटक झाल्याक्षणापासून वकील मिळावा, अशी शिफारस आहे. गृहखात्याने आदेश काढावा. विधी सेवा यंत्रणेने रात्रपाळीच्या वकिलांची यादी आणि त्यांच्या मानधनाची तरतूद करावी. ठाण्याच्या नोंदवहीत तीन रकाने वाढवावेत: अटकेची वेळ, वकिलाला कळवल्याची वेळ, वकील पोचल्याची वेळ. या वेळांमधलं अंतर दर तिमाहीला तपासावं. "इतक्या पोलिसांना प्रशिक्षण दिलं" हे उत्तर पुरेसं नाही. त्याने कोठडीत काय बदललं ते कळत नाही.

देखरेख अंमलबजावणी करणाऱ्या खात्याकडे देऊ नका, नाहीतर स्वतःचा पेपर स्वतःच तपासल्यासारखं होतं. छळविरोधी कराराचा २००२ चा ऐच्छिक प्रोटोकॉल (जोडकरार) स्वीकारणाऱ्या देशाने साधारण वर्षभरात स्वतंत्र तपासणी यंत्रणा उभारायची असते. तिला स्वतःचं बजेट, कोणत्याही कोठडीत जायची मोकळीक आणि कैद्याशी एकांतात बोलायचा अधिकार द्यावा.

संघराज्यांमध्ये "हा विषय प्रांतांचा" ही सबब चालत नाही. नागरी व राजकीय हक्कांचा करार त्याच्या कलम ५० नुसार संघराज्याच्या सर्व भागांना लागू आहे, म्हणून प्रांतांचे अधिकारी पहिल्या बैठकीपासून बोलवावेत.