उच्च सुरक्षा कोठडीतील महिला बंदीची विचारपूस कशी करावी

सोलापूरच्या कारागृहातील आपल्या घरच्या स्त्रीला पुण्याला येरवड्यास हलवून एकटीच्या कोठडीत ठेवल्याचे कळले, की नातेवाईक आधी मुलाकतीला धावतात. त्यापूर्वी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज द्यावा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार महिलेला आणि कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता हा हक्क मिळतो. विधी सेवेचा मदत दूरध्वनी क्रमांक 15100 आहे.

मुलाकतीची वेळ अपुरीच पडते, म्हणून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसण्यापूर्वीच प्रश्न कागदावर उतरवून ठेवावेत. ‘बरी आहेस ना?’ असे विचारले तर उत्तर ‘हो’ असेच येते. त्याऐवजी विचारावे : रात्री पहाऱ्यावर महिला शिपाई असते का, किल्ल्या कोणाकडे असतात, झडती कोण घेते, दिवसातून किती तास कोठडीबाहेर सोडतात, पाळीच्या दिवसांत पॅड मागितल्याबरोबर मिळतात का. हा शेवटचा प्रश्न वडील किंवा भाऊ विचारू शकत नाहीत आणि तीही त्यांना सांगत नाही, म्हणून सोबत आई, बहीण किंवा जाऊ असावीच, असे माझे ठाम मत आहे.

या प्रश्नांना आधार आहे. महिला विभागाच्या किल्ल्या महिला अधिकाऱ्याकडे असाव्यात आणि पुरुष कर्मचाऱ्याने महिला कर्मचाऱ्याच्या सोबतीशिवाय आत जाऊ नये, असे कैद्यांच्या वागणुकीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांतील 81 वा नियम सांगतो. त्याच नियमावलीनुसार दिवसातले 22 तास किंवा त्याहून अधिक काळ माणसांशी अर्थपूर्ण संपर्काविना कोंडणे म्हणजे एकांतवास, आणि तो सलग 15 दिवसांपलीकडे नेण्यास मनाई आहे. हे नियम आंतरराष्ट्रीय असून आपल्या कायद्यासारखे थेट बंधनकारक नाहीत. तरी वकिलाने अर्जात त्यांचा उल्लेख अवश्य करावा. गर्भवती किंवा तान्हे मूल सोबत असलेल्या स्त्रीबाबत तर एक दिवसही थांबू नये. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईजवळ राहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात स्पष्ट केले आहे.

तक्रार तारीख, वेळ आणि प्रसंग नमूद करून कारागृह अधीक्षकांकडे लेखी द्यावी व पोच घ्यावी. दाद लागली नाही, तर तीच प्रत वकिलामार्फत खटला चालवणाऱ्या न्यायालयापुढे ठेवावी.