कार्बोरेटरला किट टाकताना

जुन्या 100-150 सीसी गाडीचा कार्बोरेटर गळत असेल तर गास्केट किट (रबरी सील आणि ओ-रिंगांचा संच) घरी बसवता येतं. पेट्रोलचा कॉक बंद करा, ड्रेन स्क्रू ढिला करून कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं पेट्रोल काढा. एअर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे बसले ते लिहून ठेवा, उदा. पावणेदोन. जोरात आवळलात तर त्याचं टोक आणि आतली बैठक, दोन्ही जातात. या स्क्रूची बारीक ओ-रिंग बऱ्याचदा भोकातच चिकटून राहते. ती न काढता नवी टाकली की आयडलिंग (रेस न देता इंजिन चालू राहणं) कधीच जागेवर येत नाही!

कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे मारण्याआधी सगळं रबर बाजूला काढा, नाहीतर फुगतं. पायलट जेटचं (आयडलिंगला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक जेटचं) भोक केसाएवढं असतं; त्यात तार किंवा सुई घालू नका, हवा मारा. उजेडाकडे धरल्यावर भोक गोल दिसलं पाहिजे.

फ्लोटच्या (वाटीतल्या तरंगत्या भागाच्या) नीडलच्या, म्हणजे पेट्रोल थांबवणाऱ्या सुईच्या टोकावर नखाला लागेल अशी गोल खाच दिसली तर ओव्हरफ्लोचं कारण तेच, नीडल बदला. वाटीच्या गास्केटला सिलंट लावायचा मोह टाळा, कारण त्याचे तुकडे सुटून जेटमध्ये अडकतात.

जोडून झाल्यावर पेट्रोलच्या नळीतून फुंका. कार्बोरेटर सरळ धरल्यावर हवा जायला हवी, उलटा धरल्यावर थांबायला हवी. उलट्यातही जात असेल तर गाडीवर चढवू नका, नीडल पुन्हा बघा. एअर स्क्रूचं शेवटचं सेटिंग इंजिन गरम झाल्यावरच.