खाणीत लाइटच्या सामानामुळे गॅस पेटू नये म्हणून काय बघायचं

कोळसा खाणीत मिथेन हवेत ५ ते १५ टक्के झाला की पेटायला एक बारीक ठिणगी पुरते, म्हणून स्विच, मोटर सगळं फ्लेमप्रूफ बॉक्समध्ये असतं. हा बॉक्स गॅसला आत येण्यापासून अडवत नाही हां, बऱ्याच जणांचा इथंच घोळ होतो! आत स्फोट झालाच तर ज्वाळा फ्लँजच्या, म्हणजे झाकण आणि बॉक्स एकमेकांवर बसतात त्या कडांच्या, बारीक फटीतून जाताना गार होते आणि बाहेरचा गॅस वाचतो.

म्हणजे जीव त्या फटीत आहे. फीलर गेजने (फटीत घालून मापायच्या पातळ पट्ट्या) फट मोजा, फ्लँजला रंग लावू नका, ओरखडा गंज बघा, आणि एक बोल्ट कमी असेल तर "चालतंय की" म्हणू नका, नाहीच चालत. केबलची रिकामी भोकं सर्टिफाइड प्लगनेच बंद करा, चिंध्या कोंबून नाही.

झाकण उघडायच्या आधी सप्लाय बंद, लॉक, मग मिथेनोमीटरने छताजवळ चेक, कारण मिथेन हलका, वर साठतो. १.२५ टक्क्याला, काही देशांत १ लाच, करंट तोडायचा नियम आहे.

मशीनमागं फरफटणारी केबल रोज बघा, टेप गुंडाळून वेळ मारू नका. अर्थ लीकेज (करंट जमिनीत गळला की सप्लाय तोडणारं संरक्षण) ट्रिप झाला तर आधी फॉल्ट शोधा, सारखं रिसेट मारत बसू नका.